नऊ हजार तीनशे चौसष्टावा फेरा

३ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी लिहीन, कागद उरला तर. आधी कामाचं.

काल जेवणाच्या सुट्टीत तू मला मालकाच्या मोबाइलवर दिसलीस. मालक डबा अर्धा टाकून उठला आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असा ओरडला, "अहो बायांनो, इकडे या! आपली कॉइल मंगळावरून बोलतेय!" आम्ही अकराजणी त्या एवढ्याशा काचेवर वाकलो. त्यात तू. केस कापलेस. चेहरा उतरलाय, पण तो तुझा लहानपणापासून उतरलेलाच आहे. तू सांगत होतीस की मंगळाच्या हवेच्या अगदी वरच्या थरात लाटा उठतात, पाण्याच्या नव्हे, विजेच्या आणि चुंबकाच्या. कानाला त्या ऐकू येत नाहीत. यानावरची आपली कॉइल त्या पकडते आणि तुम्ही तिकडे त्यांचा आवाज बनवता. मग तू तो आवाज लावलास.

कट्. कट्-कट्. चर्र. कट्.

बायांनी टाळ्या वाजवल्या. मालकाचे डोळे भरून आले. माझ्या शेजारच्या मशीनवरची चष्मेवाली मला कोपर मारून म्हणाली, "अगं, ही तर तूच गुंडाळलेली! टाळी तरी वाजव, दगडासारखी काय बसलीस?" मी म्हटलं, हात खरकटे आहेत.

मला विचारायचंय ते एवढंच. हा आवाज येतो केव्हा? सारखा येतो की त्याची वेळ ठरलेली आहे? आणि पहिल्या दिवसापासून येतो की मध्येच सुरू झाला?

सहा वर्षांनी पत्र लिहून ताई हे काय भलतंच विचारतेय, असं म्हणशील. म्हण. पण उत्तर दे. तुझा जुना नंबर लागत नाही, नवा तू दिला नाहीस, म्हणून पत्ता कॉइलच्या खोक्यावरच्या लेबलवरून उतरवून घेतला. अक्षराला हसू नकोस. चौथीपर्यंतचं आहे, त्यापुढचं कुठून आणू?

आई बरी आहे. उजव्या कानानं ऐकू येत नाही. डाव्यानं सोयीचं तेवढं येतं.

कागद संपला.

ताई


२७ फेब्रुवारी

भिंगरे,

चार ओळींचं उत्तर, तेही टाइप केलेलं. खाली नाव आणि हुद्दा. मी काय तुझ्याकडे नोकरी मागितली होती? शेवटी नंबर दिलास ते बरं केलंस, पण मी पत्रच लिहिणार. फोनवर मी लगेच चिडते. कागदावर चिडायला वेळ लागतो.

त्या चार ओळी मी दहादा वाचल्या. यान मंगळाभोवती फिरतं. प्रत्येक फेरीत ते ग्रहाच्या सावलीत जातं आणि बाहेर येतं. सावलीतून उन्हात आलं की आवाज सुरू होतो, नऊ-दहा मिनिटं चालतो, थांबतो. पहिल्या महिन्यात नव्हता, नंतर सुरू झाला. तुझं म्हणणं, रात्र संपून ऊन लागलं की तिथली वरची हवा जागी होते, तिचा तो आवाज. आणि जूनमध्ये जगभरच्या जाणत्या लोकांच्या सभेत तू हे मांडणार आहेस. "या कामात माझी सात वर्षं आहेत," असं लिहिलंस. हे मला कशाला सांगितलंस कोण जाणे. पण कळलं ते बरं झालं.

पहिल्या महिन्यात नव्हता, हे मला आवडलं नाही.

आता पुढचं. लाटा कशात उठतात? तिथे पाणी नाही आणि इतक्या उंचावर हवाही नावालाच, असं तूच म्हणालीस. मग लाट उठते कुणाच्या अंगावर? तो 'प्लाझ्मा' तू तीनदा म्हणालीस आणि एकदाही फोड करून सांगितलं नाहीस. मी मालकाला विचारलं, तो म्हणाला, रक्तात असतो. चष्मेवाली म्हणाली, टीव्हीत असतो. दोघांवर माझा विश्वास नाही. मला कळणार नाही असं तुला वाटत असेल तर तसं लिही, म्हणजे मला चिडता येईल.

आणखी एक. सावलीतून उन्हात येताना कॉइल ठेवलेला तुझा तो डबा गरम होतो का? किती?

तुझं पत्र आल्याचं आईला सांगितलं. म्हणाली, "तिथे हवा नाही म्हणतात, मग पोरगी श्वास कसा घेते?" तिची समजूत आहे की तू मंगळावरच राहायला गेलीस. मी समजावत बसले नाही. सहा वर्षं तू उंबऱ्याला पाय लावला नाहीस, तिचं काय चुकलं?

ताई


२० मार्च

भिंगरे,

या वेळी हातानं लिहिलंस. दोन पानं. अक्षर अजून तसंच, ओळीखाली घरंगळतं.

मला कळलं का ते तपास. माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तिथे रेघ मार.

सूर्याचं ऊन त्या वरच्या हवेला इतकं कडक लागतं की हवेचे कण फुटतात. फुटले की त्यांच्यातली वीज सुटी होते. सुटी वीज आणि फुटके कण यांची ती विरळ हवा, तिचं नाव प्लाझ्मा. त्यातला एक कण हलला की त्याच्या विजेनं दुसरा हलतो, तो तिसऱ्याला हलवतो, एकमेकांना हात न लावता. झाली लाट. त्यात सूर्याकडून एक वारा सारखा येत असतो. आपल्या पृथ्वीभोवती चुंबकाचं कवच आहे, वारा बराचसा त्यावरून बाजूला जातो. मंगळाचं कवच फार फार पूर्वी विझलं. तिथे वारा सरळ हवेवर घासतो आणि लाटा उठवतो. लाटा फुटक्या कणांना झोके देतात. झोका मोठा झाला की कण गेला तो गेला. असं एकेक करत मंगळाची बरीचशी हवा गेली, आणि हवेमागे पाणी गेलं.

दोन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. एवढ्या मोठ्या घराची हवा गेली आणि भोक नाही, धूर नाही, काही नाही. काम करताना मी सारखी वर बघत होते. चष्मेवाली म्हणाली, "पाल आहे का?" मी म्हटलं, नाही, हवा आहे. ती थोडी लांब सरकून बसली.

दिवसाला किती जाते गं? मोजलीय का कुणी? आणि जाते कुठे? मध्येच थांबते की दुसऱ्या कुठल्या ग्रहाला जाऊन लागते? लहान होतीस तेव्हा तू मला असलंच काहीतरी विचारायचीस आणि मी "झोप आता" म्हणायचे. तू तसं म्हणू नकोस.

डबा उणे सत्तरपासून दहापर्यंत जातो, नऊ मिनिटांत, असं लिहिलंस. आणि खाली रेघ मारून विचारलंस, "का विचारतेस?"

पुढच्या पत्रात सांगते. आज हात दुखतोय.

ताई


२१ मार्च

हात दुखत नव्हता. कालचं पत्र अजून टाकलेलं नाही, हे त्याच पाकिटात घालते.

तो आवाज मंगळाचा नाही. निदान सगळा नाही. तो माझा आहे.

तू आमच्या शेडमध्ये आलीस तो दिवस आठव. मी तुमच्याच कॉइलवर होते. केसाहून बारीक तांब्याची तार, बारा हजार फेरे, तीन दिवसांचं काम. तार मध्ये तुटली तर कॉइल फेकायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं, जोड अजिबात चालणार नाही. नियम तुमचाच, कागदावर लिहून माझ्या डोक्यावर भिंतीला लावलेला. तू येणार हे मला माहीत होतं. सकाळी वेणी दोनदा घातली होती.

तू दोन साहेबांबरोबर माझ्या टेबलापाशी आलीस. साहेबाला म्हणालीस, "ह्या इथल्या सगळ्यात अनुभवी." मग माझ्याकडे बघून, "अहो, जरा हात बाजूला घेता का? सरांना आतला गाभा बघायचाय."

अहो.

जिनं तुझं नाक पुसलं, तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, तिला "घेता का". मी हात बाजूला घेतला. पाय पेडलवर होता, तो काढायचा राहिला आणि मशीन फिरतच राहिलं. तार तुटली. तिचा आवाजही होत नाही, नुसतं बोटाला कळतं. काउंटरवर आकडा होता ९३६४.

तुम्ही पाठ वळवून मालकाबरोबर चहा घेत होतात. मी सांगायला हवं होतं. पण मालकानं विचारलं असतं, कशी तुटली? मी काय सांगणार होते, बहिणीनं अहो म्हटलं म्हणून? सोल्डरचं टेबल तुमच्या पलीकडे होतं. उठून गेले असते तर दिसलं असतं. मग मी ब्लेडनं दोन्ही टोकं खरवडली, नुसता पीळ दिला, वर कागदाची पट्टी चिकटवली आणि पुढचे फेरे घातले. मीटरवर बरोबर भरली. तुम्ही थंड-गरम करून तपासलीत तेव्हाही गप्प राहिली. पण शेवटी पीळच तो. उडताना हादरे बसले असतील, मग दिवसातून कितीदा थंड, कितीदा गरम. सैल झाला. सैल पिळाची कॉइल तापताना तपासणीच्या स्पीकरवर कशी बोलते ते मी एकवीस वर्षं ऐकतेय. कट्. कट्-कट्. चर्र. मोबाइलवर पहिला 'कट्' झाला तेव्हाच मी ओळखलं.

जादा म्हणून दुसरी कॉइल मी पुढच्या आठवड्यात गुंडाळली. तिच्यात जोड नाही. ती इथे कपाटात पडून आहे, आणि जोडाची वर गेली.

जूनच्या आत तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. नाहीतर त्या सभेत कुणीतरी दुसरा उठून सांगेल आणि तुझी सात वर्षं मातीत जातील. माफी मागेन, पण तू अहो का म्हणालीस ते आधी सांग.

ताई


२ मे

भिंगरे,

इतके दिवस. मला वाटलं, आता तू पत्ताही बदलशील.

पत्र तीन दिवस ड्रॉवरमध्ये उलटं घालून ठेवलंस म्हणतेस. चौथ्या दिवशी रडलीस. पाचव्या दिवशी मला लिहायला बसलीस आणि शिव्या दिल्यास. त्यातली एक खोडून टाकलीस, पण मी कागद उजेडाला धरून वाचली. ती तुला मीच शिकवली होती.

अहोचं कारण वाचलं. काम आमच्या शेडला मिळावं म्हणून तूच शब्द टाकला होतास, आणि तिथे बहीण आहे हे साहेबाला कळतं तर काम दुसरीकडे जातं. बरं. असेल. मग आदल्या दिवशी निरोप द्यायचा होतास, ताई, मी तुला ओळखणार नाही, तूही ओळखू नकोस. मी असं नाटक वठवलं असतं की साहेबाला वाटलं असतं, या दोघींचं सात जन्मांचं वैर आहे.

आणि त्यानंतरच्या सहा वर्षांचं. तुझ्या पत्रात तेवढी जागा कोरी आहे. तू मला सांभाळून घेतेस हे मला कळतं. तर मीच लिहिते. त्या संध्याकाळी तू घरी आलीस आणि मी आतून कडी काढली नाही. तू पंधरा मिनिटं दार वाजवत होतीस. आईनं विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, वारा आहे.

आता तुझी शेवटची ओळ. "सभा होईपर्यंत कुणाला काही सांगू नकोस, नंतर बघू." नाही. गप्प बसून काय होतं ते मी करून बघितलंय. तू आता गप्प बसलीस तर तुझ्या म्हणण्यावर आणखी दहाजण आपले फेरे घालतील, आणि मग ते उलगडायला कुणाच्या बापाला जमणार नाही.

आणखी एक गोष्ट तू सहज लिहून गेलीस, ती मी पकडलीय. वर्षातले काही आठवडे यान सावलीत जातच नाही, सतत उन्हात असतं. त्या आठवड्यांत आवाज जवळजवळ नव्हता, म्हणून ती माहिती तू बाजूला ठेवलीस. म्हणजे तूही पट्टी चिकटवलीस, बये.

ती बाहेर काढ. आमच्या शेडमध्ये वरच्या खिडकीला सातला ऊन येतं, माझ्या टेबलावर पावणेआठला. तुझा डबा वर, हवा खाली. ऊन दोघांना एकदम कसं लागेल? डबा आधीपासून उन्हात तापलेला आहे आणि खालच्या हवेची तेव्हा कुठे सकाळ होतेय, अशा वेळी काही ऐकू येतं का ते बघ. आलं तर ते माझं नाही. आणि 'जवळजवळ नव्हता' म्हणजे काय? नव्हता, की थोडा होता? मला सांग, मला झोप येत नाही.

मालकाला मी सांगून टाकलं. तो खुर्चीत बसला, उठला, परत बसला. "अहो बाई, जोड नाही म्हणून त्या कागदावर माझी सही आहे!"

"असू द्या. चूक माझी, सही तुमची. दोघं मिळून निस्तरू."

"निस्तरू काय? मंगळावर जाऊन सोल्डर मारू?"

चष्मेवाली फिस्सकन हसली, मग मालकालाही हसू आवरेना. हसून झाल्यावर त्यानं मला बारीक तारेवरून उठवलं आणि पंख्याच्या मोटारींवर बसवलं. जाड तार, दोरखंडासारखी. बरोबरच केलं त्यानं.

पण त्याआधी मी कपाटातली जादा कॉइल मागून घेतली. बारा हजारांवरून उलटी उलगडत ९३६४ वर आणली. तिथे कापली, तसाच पीळ, तशीच पट्टी, वरचे फेरे परत घातले. मोटारी तपासायच्या हलत्या टेबलावर दोन दिवस हादरवली. मग बर्फाच्या पेटीत, मग बल्बखाली नऊ मिनिटं. तुमच्याइतकं थंड आम्हाला जमत नाही, पण बोलायला लागली. मालकानं आवाज मोबाइलवर उतरवून तुझ्या ऑफिसला पाठवलाय. या खेपेला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

माझा आवाज कसा असतो ते आता तुझ्याकडे आहे. तो तुझ्यातून वजा कर. उरेल ते मंगळाचं. काहीच उरलं नाही तर नाही उरलं. पण मला कळव.

ताई


२९ जून

भिंगरे,

तुझं पत्र, सभेतलं ते इंग्रजी छापील पान आणि मालकाच्या मोबाइलवरचा नवा आवाज, तिन्ही एकाच दिवशी आलं. कशाला आधी हात लावू कळेना.

दोनशे बारा आवाजांपैकी एकशे अठ्ठ्याण्णव माझे निघाले. चौदा उरले. ते चौदाही तू बाजूला ठेवलेल्या आठवड्यांतले. सभेत तू आधी एकशे अठ्ठ्याण्णव सांगितलेस आणि मग चौदा. अर्धे लोक मधूनच उठून गेले म्हणतेस. जाऊ देत. अर्धे बसले ना? त्यातला एक म्हातारा उठून म्हणाला, "तारेत जोड आहे हे शोधलं कुणी?" आणि तू म्हणालीस, "जिनं घातला तिनं. माझी मोठी बहीण."

मला बरं वाटावं म्हणून हे रचलंस, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू? म्हणून ते पान मी मालकाकडे नेलं. त्यातलं एक अक्षर मला वाचता येत नाही. पण मधोमध काउंटरवर असतात तसले आकडे दिसले, ९३६४. मालकानं त्यांच्यापुढे बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे तुमचं नाव. आणि हे, तुम्ही तिच्या कोण ते." मी ते पान परत घेतलं. घडी चुकीची पडली, पुन्हा घातली.

चष्मेवालीनं डोळे बारीक करून बघितलं. "म्हणजे तुझी चूक आता जगभरचे लोक वाचणार?"

"वाचू देत. तू दाखव तुझी एखादी एवढी लांब गेलेली."

मग आवाज ऐकला. मशीनं बंद करायला लावली मालकाला. कट्-कट् नाही, चर्र नाही. बारीक शीळ, खालून वर चढत जाणारी, चढता चढता विरून जाणारी. एकवीस वर्षांत कुठल्या कॉइलनं माझ्यापुढे असा आवाज काढलेला नाही. तो माझा नाही, हे मी सहीनिशी लिहून देते. चौदाही वेळा ऐकला. सहाव्याला आणि अकराव्याला ती शीळ मध्येच दुहेरी होते, ऐकलंस का? एक पुढे जाते, एक मागे रेंगाळते. असं का होतं? तेव्हा जास्त हवा जाते की कमी? हे तुला माहीत नसेल तर नाही म्हणून लिही, पण शोध.

मालकाचा मोबाइल रात्रीपुरता घरी नेऊन आईच्या डाव्या कानाला लावला. तिनं तो माझ्या हातातून घेऊन आणखी जवळ धरला. मग म्हणाली, "कोण बोलावतंय?"

मी म्हटलं, बोलावत नाही कुणी. मंगळाची हवा घर सोडून चाललीय, तिचा आवाज आहे.

"मग थांबव की तिला," आई म्हणाली.

तेव्हा मी तिला दाराचं सांगितलं. त्या संध्याकाळी दारावर वारा नव्हता, तू होतीस, असं. ती मोबाइल कानावरून न काढता म्हणाली, "ठाऊक आहे मला. डावा कान धड आहे माझा."

पुढच्या यानाची कॉइल मीच गुंडाळावी, असं तू मालकाला कळवलंस. या वेळी बहीण आहे हेही वर लिहिलंस. तुझ्या साहेबांनी ते वाचून मान्य केलं, याचं मला जास्त नवल वाटतंय. मालकानं तोंड वाकडं करत मला पंख्यांवरून उठवलं. सोमवारी सुरू करते. सोल्डरचं टेबल मी माझ्या शेजारी ओढून घेतलंय. पण तार तुटली तर सोल्डरही नाही. कॉइल फेकीन, आणि फेकली असं सगळ्यांदेखत सांगीन.

माफी मागायची राहिली होती. मागितली.

गुंडाळताना येऊ नकोस. गुरुवारी ये, माझा पाय पेडलवरून निघाल्यावर. टेबलापाशी येऊन हळू बोलायचं नाही. दारातूनच हाक मार, आणि मोठ्यानं मार, आजूबाजूची मशीनं चालू असतात. मालक ऐकू दे, चष्मेवाली ऐकू दे. काय म्हणून हाक मारायची ते तुला माहीत आहे.

या वेळी कागद उरलाय. आशीर्वाद.

ताई